पडद्यावरचं बेट

४ जानेवारी १९९४, सावदा

सुट्टी लागली, घरी आलो, पण डोकं अजून जहाजावरच. माझ्या जागी सेकंड ऑफिसर म्हणून धनसिंग चढलाय — अमळनेरच्या कॉलेजातला माझा दोस्त, साक्रीकडचा. कांडल्याला चार्ज देताना त्या नव्या कॉम्प्युटरचं सगळं त्याला सांगितलं. पडद्यावर समुद्राचा नकाशा, त्यात आपलं जहाज म्हणजे एक लहानसं चिन्ह, सरकत राहणारं. जहाजाची जागा उपग्रहावरून येते, ती बरोबरच असते. पण नकाशा जुन्या मोजणीचा! तांबड्या समुद्रातलं एक बेट पडद्यावर दिसतं तिथे नाहीच. मैलभर अलीकडे आहे. मी ते रडारवर पाहिलं, कॅप्टनना दाखवलं. ते म्हणाले, एवढं महागाचं यंत्र चुकेल, की तुझी नजर?

धनसिंगला हे सांगितलं तर तो हसला. ‘मना डोया शेतस ना.’ आहेत त्याचे डोळे, चांगले आहेत. मग मला झोप का नाही?

७ जानेवारी

आबांबरोबर केळीच्या मळ्यात गेलो. घड कापणं चाललेलं, ट्रक बांधाला उभा. आबा काहीतरी विचारत होते, मला ऐकूच आलं नाही. शेवटी म्हणाले, ‘तुहं मन काही इथं नाही.’

लताला काही बोललो नाही. पाचवा महिना आहे तिला. तिचं म्हणणं एवढंच की बाळंतपणापर्यंत मी घरी असावं आणि पुढे नोकरी नीट चालावी. यात चूक काय?

१० जानेवारी

एसटीडी बूथवरून मुंबईला ऑफिसात फोन. जहाज सुएझकडे निघालंय. आणि एक नवीनच ऐकलं — रात्रीच्या पहाऱ्याला ऑफिसरसोबत एक खलाशी उभा असायचा, तो बंद केला. कॉम्प्युटर आहे ना, दुसरा माणूस कशाला! म्हटलं, जहाजाला निरोप द्या, बेटापाशी पडद्यावर विसंबू नका, रडार बघा. क्लार्क म्हणाला, साहेबांना विचारून बघतो.

११ जानेवारी

साहेब मीटिंगमध्ये.

१२ जानेवारी

पुन्हा तेच. क्लार्क आता माझा आवाज ओळखतो. लता विचारते, रोज बूथवर कोणाला फोन? म्हटलं, प्रमोशनचं चाललंय. सरळ खोटं बोललो.

१६ जानेवारी

जहाज खडकावर चढलं. त्याच बेटापाशी.

माणसं सगळी वाचली. पहाऱ्यावर धनसिंग होता, त्याचा हात मोडलाय. साहेबांनी स्वतः फोन केला, बूथवाल्याने घरी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं. साहेबांनी एकच विचारलं — चार्ज देताना त्या बेटाचं सांगितलं होतं का? मी म्हटलं, हो, सांगितलं होतं. ते म्हणाले, छान. चौकशीत एवढंच सांगायचं.

बूथमधून बाहेर आलो आणि मग कळलं मी काय बोललो ते. धनसिंगला माहीत होतं, तरी जहाज आदळलं, म्हणजे दोष त्याचा!

मी कॅप्टनलाही सांगितलं होतं. ऑफिसला फोनवर फोन केले होते. ते साहेबांनी विचारलंच नाही.

३ फेब्रुवारी

धनसिंग गावी आल्याचं कळलं. धुळ्याला बस बदलून साक्रीला, तिथून जीपने त्याच्या गावी. हात गळ्यात बांधलेला. त्याची आई झुंबरबाई, तिने भाकरी वाढली. तिला वाटतंय पोरगा शिडीवरून पडला. आम्ही दोघं खळ्यात जाऊन बसलो.

धनसिंग म्हणतो, बेट त्याला रडारवर दिसलं होतं. त्याने कॅप्टनना वर बोलावलं. ते आले, पडद्याकडे पाहिलं, म्हणाले, पाणी मोकळं आहे, आहे तसंच चालू दे. हा वळवू का म्हणाला. नको म्हणाले आणि खाली गेले. थोड्या वेळाने याने पुन्हा फोन केला. कॅप्टन चिडले. मग याने स्वतःच जहाज वळवलं — उशीर झाला होता.

‘हे ऐकायला दुसरं कोण होतं?’ मी विचारलं.

‘कोणीच नाही. खलाशी काढून टाकलेला ना.’

म्हणजे उरलो मी. कॅप्टनना बेटाचं आधीपासून माहीत होतं, हे सांगणारा मी एकटा. धनसिंगने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. नव्या जहाजावर चीफ ऑफिसरची जागा माझ्यासाठी ठेवलीय म्हणे. विचारलं तेवढंच बोलावं, फाटे फोडू नयेत. मी ‘बरं सर’ म्हणालो. सवयीने म्हणालो, की कबूल केलं? मलाच माहीत नाही.

आज लताला सगळं सांगून टाकलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘तुम्ही खरं बोललात तर आपलं कसं व्हायचं, याचा मी विचार करते. नाही बोललात तर तुमचं कसं व्हायचं, त्याचाही करते.’ आणि उठून आत गेली.

आबा म्हणतात, मळा आहे, पोट भरील. पण मला मळा येत नाही. मला जहाजच येतं.

२१ फेब्रुवारी, मुंबई

उद्या चौकशी. लॉजच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय. सकाळी ठरवलं, सगळं बोलायचं. दुपारी साहेब भेटले, खांद्यावर हात ठेवून मला ‘पितांबरभाऊ’ म्हणाले — आणि मी हसलो! आता पुन्हा काही ठरत नाही.

२२ फेब्रुवारी

माझ्या आधी कॅप्टनना बोलावलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘या मुलाने मला दोनदा सांगितलं. त्याच्या आधीच्या ऑफिसरनेही सांगितलं होतं. मी पडद्याकडे पाहिलं, काचेबाहेर पाहिलं नाही.’ आणि बसले. माझ्या साक्षीची गरजच उरली नाही.

बाहेर धनसिंगने चांगल्या हाताने माझा हात घट्ट धरला. म्हणाला, ‘तू बठ्ठं खरंच सांगता, माले मालूम व्हतं.’

मी सगळं खरं सांगितलं असतं, अशी त्याची खात्री. मी होकाराची मान हलवली.