पुढचे दुकान दामोदरचे

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल सर्वांची आधी माफी मागतो. वकिलांनी केव्हाच सांगितले होते. मी कागद आणायचो, आणि कागद आणला की तब्येत बरी वाटायची.

मी, हणमंतराव तुकोजी महेंद्रकर, वय पंच्याहत्तर, पूर्वीचा धंदा शिवणकाम, राहणार म्हैसूर, पूर्ण शुद्धीवर, कोणी न शिकवता, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. शाळा कन्नडमध्ये सातवीपर्यंत झाली. मराठी घरात ऐकून आणि अभंगांची पोथी वाचून आलेले. चुका दिसल्या तरी अर्थ बदलू नये. रक्तदाबाच्या गोळीशिवाय दुसरे औषध नाही. (इथपर्यंत लिहून गॅस बंद आहे का ते पाहून आलो. बंद होता.)

१. घर माझ्या स्वकष्टाचे आहे. इथल्या फुटबॉल संघातून लेफ्ट हाफ खेळलो, गुडघा गेल्यावर रेफरी झालो, आणि १९५८ साली शिवणकामावर बहरीनला गेलो. आठवडाभर दुसऱ्यांच्या विजारी शिवायच्या आणि शुक्रवारी शिट्टी वाजवायची. पुढे तिथल्या हौशी क्लबांच्या लीगचा चिटणीस झालो. इंग्रजी पत्रे माझी पत्नी कै. सुमित्राबाई लिहून द्यायची, सही माझी. त्या कमाईचे हे घर. वडिलार्जित एक वीटही नाही.

घराचा मागचा भाग आणि वरची खोली मुलगी कृष्णवेणी हिला. माझे पथ्यपाणी तीच बघते, बोलते फार, पण बघते. बँकेतली ठेव आणि इतर उरलेली सर्व मिळकत मुलगा पद्मनाभ यास. तो बंगळुरूहून फोनवर म्हणतो, "अप्पा, सगळं विकून फ्लॅट घेऊया. सुम्ने, उगाच कशाला हे तुकडे?" पद्मनाभ, तुकडे करणे हाच माझा धंदा होता.

२. पुढचे दुकान, शिलाईच्या मशिनी आणि कापणीचे टेबल धाकटा भाऊ दामोदरराव, राहणार बन्नूर, यास. मी परदेशात असताना दुकान त्यानेच चालवले. गिऱ्हाईक त्याचे, नाव त्याचे. १९८६ साली मी परत आलो त्या दिवशी तो आपली कात्री घेऊन बन्नूरच्या बसमध्ये बसला.

पुढे कोणी भलते सांगू नये म्हणून कारणही लिहितो. आम्ही सारे घोट्याला पट्टी बांधून अनवाणी खेळणारे. १९५५ साली संघटनेने बूट सक्तीचे केले. दामोदर लेफ्ट आउटला खेळायचा. फायनलला तो पट्टी बांधूनच उतरला. राज्याच्या संघाची निवड करणारे त्यालाच पाहायला आले होते. रेफरी मी.

"अण्णा, बूट बेडा, नको मला. चेंडू कळतच नाही पायाला."

"मैदानात अण्णा नाही. बूट घाल, नाहीतर बाहेर हो."

"माझे पाय ठाऊक नाहीत तुला?"

"पाय ठाऊक आहेत. नियमही ठाऊक आहे."

दोरीपलीकडून कोणी ओरडले, "शिंपीअण्णा, तिथेच बूट शिवून दे की त्याला!" लोक हसले. दामोदर बाहेर गेला तो पुन्हा कधी खेळला नाही. निवड करणारे दुसऱ्याच कोणाला घेऊन गेले.

मागच्या उगादीला कृष्णवेणी बन्नूरला गेली होती. तो तिला म्हणाला, "तुझ्या अप्पाला सांग, एकदा चुकलो म्हण. मग दुकान काय, भिंतीतला खिळासुद्धा घेईन."

चुकलो म्हणणार नाही. समोरच्या संघातल्या पोरांनाही त्या दिवशी मीच बूट घालायला लावले. बुटांनी त्यांचे पाय सोलून निघाले. त्यांना एक न्याय आणि भावाला दुसरा, हे माझ्याने झाले नसते, आजही होणार नाही. दुकान देतो ते भरपाई म्हणून नाही. ते त्याचे आहे म्हणून देतो.

३. बहरीनच्या लीगने दिलेले पदक देवघरात ठेवू नये. विठ्ठलाला त्याचे काय? कपाटात ठेवावे. इथल्या ज्या क्लबाने आपल्या रौप्यमहोत्सवात मला चपलांच्या ढिगाशेजारी बसवले, त्यांनी माझा फोटो मागितल्यास देऊ नये.

४. वकील म्हणतात, दामोदरने नको म्हटले तर दुकान उरलेल्या मिळकतीत जाते, म्हणजे पद्मनाभकडे. पद्मनाभ ते विकणार, तो लपवतही नाही. म्हणून दामोदरचा होकार माझ्या हयातीत यायला हवा.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि दोघांसमक्ष सही केली.

सही: हणमंतराव तुकोजी महेंद्रकर
साक्षीदार: कृष्णमूर्ती, निवृत्त शिक्षक, शेजारी
साक्षीदार: हयग्रीव, औषध दुकानदार
म्हैसूर, १२ ऑगस्ट २००४

दामोदर, याची प्रत आजच रजिस्टरने तुला पाठवतो. तो एक शब्द सोडून दुसरे काहीही लिहायला सांग, लिहितो. माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस, माझ्याकडे पाठ करून मशीनवर बस, चालेल. डॉक्टर काही स्पष्ट सांगत नाहीत आणि मला विचारायची भीती वाटते. पत्र नको असेल तर कोणाकडून निरोप धाड. पण लवकर कळव.