कमलाचा फोटो

रविवार, जानेवारी. मयूर विहार.

कमला गेली. फ्लायओव्हरखाली, थंडीने. चर्चच्या सिस्टरनी दुपारी फोन करून सांगितलं.

गेल्या रविवारी आम्ही चर्चतर्फे तिथल्या बेघरांना ब्लँकेटं वाटली. देणगीदारांना दाखवायला म्हणून ब्लँकेट घेणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, ही आमची पद्धत. कॅमेरा माझ्याकडे. मी बटण दाबलं, तेवढ्यात कमलाने पदर तोंडावर ओढला.

"भैया, फोटो मत लो. बेटी के ससुरालवाले देख लेंगे. उनको नहीं पता मैं ऐसे रहती हूँ."

"अम्मा, बिना फोटो के नहीं मिलेगा." मी म्हणालो. तेही हसत.

"तो रहने दो." ती रांगेतून बाहेर पडली.

तिचं ब्लँकेट माझ्या गाडीतच राहिलं, आठवडाभर. वळून एकदा देऊन यायला काय झालं होतं मला? या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आई म्हणायची.

उद्या दहाला अंत्यविधी. मुलगी गावाहून येतेय. तिच्याकडे आईचा एकही फोटो नाही. सिस्टरनी मला विचारलं, "आपके पास तो होगा न?"

एक आहे. पदराआड चेहरा असलेला. उद्या तोच तिच्या हातात द्यायचा आहे.

आणि ब्लँकेट अजून गाडीतच आहे.