आईचं मांजर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ सप्टेंबर १९९८

ति. दादास,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, आईची ठकीही पोचली. गडहिंग्लजपासून कागलपर्यंत पिशवीत ओरडत होती. शेवटी कंडक्टर म्हणाला की पावण्या बाईंना खिडकीशी बसवा.

दिवसा ती फार गुणी आहे. रात्री मात्र तीनच्या ठोक्याला उठते, मागच्या पायांवर उभी राहून दार ओरबाडते आणि असा गळा काढते की आमच्या घरात बाळ रडतंय की काय, असं शेजारच्या बयाबाई विचारून गेल्या. मी हसले, दुसरं काय करणार. दार उघडलं तर बाहेर जात नाही. उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघते, माघारी येते आणि खुशाल झोपते. आम्ही जागेच. ह्यांची कारखान्यात पहिली पाळी, परवा यंत्रावर डुलकी लागली. आठ दिवसांत सुधारली नाही तर मंडईत सोडून येईन म्हणतात.

पण तसं कसं करायचं? आईच्या दहाव्याला नदीवर तासभर कावळा शिवेना. तू घर नीट ठेवतो म्हणालास, वहिनी आईची गाय विकणार नाही म्हणाल्या, तरी कावळा ढिम्म. मी ठकीला नेते म्हटलं आणि आलाच की तो. आईचा जीव हिच्यात अडकला होता, आता हिच्यापायी माझा जाणार.

आईकडे ती रात्री काय करायची, ते वहिनींना विचारून कळव. लोभ आहेच, झोप तेवढी नाही.

तुझी,
संयोगिता


नेसरी
६ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. संयोगितास,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी बाळाबाई पोट धरून हसली. लहानपणी तुला उठवायला आई तोंडावर पाणी मारायची. ठकीनं ते काम पुढं चालवलं म्हणायचं.

इकडं भात पोटरीला आलं आहे. बांधावरून गणपा पुन्हा भांडतो आहे, पण ते नेहमीचंच.

मांजराचं सांगतो. निजताना भाकरी दुधात कुस्करून पोटभर घाल. दिवसा झोपू देऊ नकोस. आईकडं ती काय करायची ते आम्हाला ठाऊक नाही. आईची खोली मागं परड्याकडं, तिथला आवाज इकडं येत नाही. पण दार मात्र उघडू नकोस. एकदा उघडलं की सवय लागते. चार-पाच दिवस कुणी उघडलं नाही की आपोआप गप्प बसतं, आमचा अनुभव आहे.

दाजींना नमस्कार. दिवाळीत येऊन जा, आता माहेर म्हणजे आम्हीच.

तुझा,
बाळासो


कोल्हापूर
२६ ऑक्टोबर १९९८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला येऊन गेले. दुखवटा म्हणून ओवाळणं नव्हतं, फराळाचा डबा तेवढा दिला. तिथं बोलायचं ते बोलले नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही दोघं रानात होता तेव्हा आईच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटून घेतलं आणि आतून बघितलं. खाली वीतभर ठकीच्या नखांनी लाकूड पांढरं पडलं आहे. त्याच्या वर, कमरेच्या उंचीला, बोट बसेल एवढे खळगे आहेत. आईची काठी कोपऱ्यात होती. तिच्या पितळी मुठीचं टोक मी त्या खळग्यांत लावून बघितलं, बरोबर बसलं. दाराला बाहेरून कडी आहे. माझ्या लग्नापर्यंत ती नव्हती. तिचे स्क्रू अजून चकचकतात.

तिकडचा आवाज इकडं येत नाही असं तू लिहिलंस. त्याच पत्रात लिहिलंस की चार-पाच दिवस उघडलं नाही की गप्प बसतं. हा अनुभव तुला कुणाचा आला, दादा? मांजराचा असेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन.

संयोगिता


नेसरी
५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. संयोगितास,
अ. उ. आ.

होय, कडी मीच बसवली.

वर्षभर आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रात्री तीनला उठून लुगडं नीट नेसायची, पिशवी घ्यायची आणि स्टँडची वाट धरायची. पयल्या गाडीनं कोल्लापूरला संयोगीकडं जाणार हाय, म्हणायची. दोनदा गावातल्या केरबानं स्टँडवरून आणून सोडली. तिसऱ्या खेपेला विहिरीच्या काठावर सापडली. मी दिवसभर रानात मोडून येतो, बाळाबाई कंबरेनं अधू. रात्रभर राखण कुणी करायची? कडी घातल्यावर आई चार दिवस ठोकत होती. पाचव्या दिवशी गप्प झाली. किंवा मलाच झोपायची सवय झाली, खरं सांगायचं तर.

आता माझंही ऐक. गेल्या आषाढात तुला लिहिलं होतं की लावणी होईपर्यंत दोन महिने आईला ने. रात्रीचं लिहिलं नव्हतं, लाज वाटली. तुझं उत्तर पेटीत जपून ठेवलं आहे, पुढ्यात घेऊन बसलो आहे. तू लिहिलंस की, मला मूल नाही, त्यामुळे आई रीतीप्रमाणे आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही, मग राहील कशी, आणि आमच्या दोन खोल्यांत जागा कुठली.

मांजराला जागा झाली की.

बाळासो


कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९९८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही. माझं उत्तर मला पाठ आहे, पुन्हा लिहून पाठवायची गरज नव्हती.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही रीत आईनं बावीस वर्षं पाळली. माझ्या दारात आली की पिशवीतून स्वतःची भाकरी काढायची. मला त्या रीतीचा किती संताप यायचा, ते तुला माहीत आहे. आणि वेळ आली तेव्हा तीच रीत मी पुढं केली. आई तर ती विसरूनही गेली होती, पिशवी घेऊन निघाली होती. नागपंचमीला माहेरी आले होते, परत निघाले तेव्हा तिनं माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता. मी हसत तिची बोटं एकेक करून सोडवली. गाडी चुकली असती ना माझी.

आता आम्ही दाराला कडी लावत नाही. हे कुरकुरले, मग खाट दाराजवळ ओढून निजले. ठकी दोन रात्री उठली, पंजानं दार ढकलून बघून आली, आणि कालपासून सकाळपर्यंत झोपते. तीन वाजता मी जागी असते. तुला दोष देत बसते आणि तो पुरत नाही.

नदीवरचं सारखं आठवतं. तिचा जीव कशात अडकला ते तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तू घराचं बोललास, वहिनी गायीचं बोलल्या, मी मांजराचं बोलले. मग कावळा आला आणि आपण सुटलो म्हणून हात जोडले.

तासभर उन्हात बसला होता तो. त्याला भूक लागली होती, दादा.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तोडू नकोस, एवढंच.

तुझी,
संयोगिता