रफअत साहेबांना मी कोंडलं नाही

कफ्र सवाकी,
शनिवार, तिसऱ्या प्रहरी असरची अजान नुकतीच झाली आहे.

प्रिय इतिदालताई,

तुझ्या धाकट्या बहिणीचा तुला सलाम, भाऊजींना सलाम, पोरींना पापे, आणि तुमच्या गच्चीवरच्या कबुतरांपैकी जी अजून ताटात आली नसतील त्यांनाही सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आणि हे बघ, उत्तरात ‘अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक’ एवढंच लिहून पाठवू नकोस. तेरा वर्षं मी आरोग्य केंद्राचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरतेय, लसी, मीठ आणि स्वच्छता यांवर बायकांचं डोकं खातेय, आणि प्रत्येक दारात हेच उत्तर ऐकतेय. तापाने फणफणलेली बाईही हेच सांगते आणि मोडलेला हात गळ्यात बांधलेलीही. रजिस्टरात या उत्तराला वेगळा रकाना नाही, म्हणून मी त्या सगळ्यांना ‘तक्रार नाही’मध्ये टाकते. त्यामुळे कागदोपत्री आमच्याइतकं ठणठणीत गाव साऱ्या इजिप्तमध्ये नसेल. तू मात्र कुठला गुडघा, जिना चढताना दुखतो की उतरताना, सगळं सविस्तर लिही.

आता मुद्द्याचं. कौसरने तुला फोन करून सांगितलंच असेल की इन्शिराहने सरकारच्या मोठ्या साहेबांना संडासात कोंडलं आणि आता तिची नोकरी जाणार. ताई, कौसर आपल्या सख्ख्या मामाची मुलगी असली तरी तिच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. मी कोणालाही कोंडलं नाही. कडी आतून होती. साहेबांनी ती स्वतःच्या हाताने लावली होती. नोकरीचं मात्र अगदीच खोटं नाही, पण ते सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुला माझी बाजू कळणार नाही. तेव्हा चहा टाक आणि बैस. (साखर एकच चमचा. मला इथून दिसतं.)

झालं असं की आमच्या केंद्राच्या पंपाची मोटार जळाली आणि तीन महिने नळाला पाण्याचा थेंब नव्हता. डॉक्टर मुहाब यांनी वर सात पत्रं लिहिली. (हे आमचे नवे डॉक्टर. कैरोचे आहेत, आणि चेहरा इतका कोवळा की पहिल्या आठवड्यात बायका त्यांनाच विचारायच्या, ‘बाळा, डॉक्टर कुठे गेलेत?’) सहा पत्रांना उत्तर नाही. सातव्याला आलं, आणि तेही चांगलं जाड पाकीट. आम्हाला वाटलं, मोटारीचा हुकूम! आत काय, तर ‘गुणवत्ता समिती तपासणीस येत आहे, तरी प्रत्येक नळावर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचे चित्र लावावे.’ सोबत चित्रं. चकचकीत, रंगीत, कोपऱ्यात एक हसरा थेंब. आम्ही ती लावली. कोरड्या नळांवर तो थेंब आमच्याकडे बघून दात काढत बसला.

हसू नकोस, प्रकरण गंभीर होतं. तपासणीत नापास झालेली केंद्रं बंद करून नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या गावाला जोडायची, असं ठरलेलं. आमचा कालव्याकाठचा रस्ता तू पाहिलायस. दिवस भरलेली बाई त्यावरून टुकटुकमध्ये बसून निघाली, तर ती दवाखान्यात पोचायच्या आधी बाळ जगात पोचेल.

समितीच्या यादीत आणखी एक कलम होतं: ‘रुग्णांना आपले हक्क माहीत असणे.’ पाच हक्कांचा एक कागद होता. डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘इन्शिराहबाई, याचं काहीतरी करा.’ मी केलं. हीच काय ती माझी चूक. सोमवारच्या सभेत पंचवीस बायकांना कोरड्या नळाखाली हात चोळायला लावून मलाच लाज वाटायला लागली होती, म्हणून मी हक्क शिकवायला घेतले. त्याला पाणी लागत नाही.

हाज्जा बहिय्या तुला आठवते ना? शाळेमागे बदकं पाळायची ती. आता सत्तरी ओलांडलीय. सभेला ती बिस्किटांसाठी येते, हे ती स्वतःच सांगते. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि त्यामुळेच एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. सोमवारी तिने पाच हक्क ऐकले आणि मंगळवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला डॉक्टरांसमोर जाऊन बसली.

‘ही गोळी पोटात जाऊन करते काय?’

डॉक्टरांनी सांगितलं.

‘समजलं नाही.’

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं.

‘हे काळीज होय? मला वाटलं वांगं. समजलं नाही.’

‘हाज्जा, बाहेर तीस माणसं खोळंबलीत!’

‘दुसरा हक्क, बाळा. समजेपर्यंत समजावून घ्यायचा. त्या दाराआड लपलीय ना इन्शिराह, तिला विचार.’

मी लपले नव्हते. दाराआडची धूळ पुसत होते. पण ताई, खरं सांगते, तिसऱ्यांदा समजावताना एक गोष्ट बाहेर आली. ही बाई गेली अकरा वर्षं डोकं दुखेल त्याच दिवशी गोळी घेत होती. उरलेल्या गोळ्या डब्यात, नातवंडांच्या लग्नात लागतील म्हणून. अकरा वर्षांत तिला कोणी विचारलं नाही. मी पण नाही. मी तिला दर महिन्याला ‘तक्रार नाही’मध्ये टाकत होते. डॉक्टरांनी नवीन कागद घेतला आणि पुन्हा काळीज काढलं. या वेळी ते काळजासारखं दिसत होतं.

आठवड्याभरात गावातली प्रत्येक बाई गोळीचं नाव, गाव, कूळ विचारू लागली. रांग रस्त्यापर्यंत गेली. एक दिवस दुपारी डॉक्टर घाम पुसत माझ्याकडे आले.

‘काय शिकवलंत तुम्ही यांना?’

‘कागदावर होतं तेच.’

‘अहो बाई, तो कागद भिंतीवर लावायचा होता!’

तर असा तपासणीचा दिवस, मंगळवार, उजाडला. शिपाई गुमआकाकांनी पहाटेच गाढवगाडीतून मशिदीच्या नळाचं पाणी आणून गच्चीवरच्या टाकीत ओतलं. आठ कॅन. एक सकाळ निभावायला पुरेल एवढं. हाज्जा बहिय्याला दूर ठेवायची जबाबदारी माझ्यावर होती, म्हणून मी तिला सभा बुधवारी आहे असं सांगितलं होतं. (ताई, खोटं बोलले. मान्य.) ती मंगळवारी सकाळी आठलाच पंचवीस बायका घेऊन हजर. म्हणाली, ‘तू बुधवार म्हणालीस तेव्हा तुझं नाक लाल झालं होतं.’

समितीचे प्रमुख रफअत साहेब. गोल, गोरे, घामेजलेले, हातात यादी आणि हिरवं पेन. माणूस वाईट नव्हता, नुसता यादीच्या बाहेर बघायचा नाही. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी न्याहारीला तुपाची फतीर रोटी आणि तीन वर्षं मडक्यात मुरवलेलं मिश चीज ठेवलं होतं. मिशच्या खारटपणाबद्दल माझं एक स्वतंत्र भाषण आहे, पण त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही. साहेबांनी तीनदा वाढून घेतलं आणि वर चार कप चहा घेतला.

मग सभा. साहेबांनी विचारलं, ‘हात धुण्याची योग्य पद्धत कोण दाखवेल?’ त्यांना एकच बाई अपेक्षित होती. हाज्जा म्हणाली, ‘सगळ्या दाखवणार. नाहीतर तुम्ही म्हणाल एकीलाच येतं.’ आणि सव्वीसच्या सव्वीस जणी उठल्या. ताई, तीन महिने कोरडं शिकलेल्या बायका त्या! नळाला पाणी बघून त्यांचा जीव हरखला. अंगठ्या काढून, नखांत साबण घालून, बोटांच्या फटी चोळून, सातही पायऱ्या. काहींनी दोनदा धुतले. एकीने तोंडही धुऊन घेतलं. साहेब प्रत्येकीमागे हिरवी खूण करत होते आणि ‘उत्तम! उत्तम!’ म्हणत होते. मध्येच त्यांनी यादी खाली ठेवली, चेहरा आक्रसला, आणि घाईने विचारलं, ‘डॉक्टर, स्वच्छतागृह?’

मिशने आपलं काम केलं होतं.

पुढचं मी दाराबाहेरून ऐकलेलं सांगते. आधी बराच वेळ शांतता. मग नळ फिरवल्याचा आवाज आणि नुसतंच ‘सुस्स’. मग परत ‘सुस्स’. मग अगदी बारीक आवाजात, ‘अहो, कोणी आहे का?’ डॉक्टर पांढरेफटक. गुमआकाका गाढव परत करायला गेलेले. आणि हाज्जा बहिय्या, तीन महिने गावातली प्रत्येक बाई केंद्रात येताना आणते तशी, घरून पाण्याची बाटली घेऊन आलेली. ती शांतपणे दारापाशी गेली.

‘पाणी आहे माझ्याकडे, साहेब.’

‘अल्लाह तुमचं भलं करो! द्या!’

‘देते की. किती वेळ झाला आत?’

‘दहा मिनिटं झाली, बाई!’

‘आम्हाला तीन महिने झाले.’

साहेब म्हणाले, ‘मला कोणी कळवलं नाही.’ तेव्हा आमच्या डॉक्टरांनी, ज्यांचा आवाज एरवी शेजारच्या खोलीत पोचत नाही, चांगलं खणखणीत सांगितलं, ‘सात पत्रं, सर. तारखा सांगू?’

‘चौथा हक्क तक्रार करायचा,’ हाज्जा म्हणाली, ‘आणि पाचवा तिचं उत्तर मिळायचा. तक्रारपेटीची किल्ली हरवलीय, म्हणून हातातच देते. इन्शिराह, लिही.’

आता मी काय करणार? ती म्हातारी बाई, तिला लिहिता येत नाही, आणि रुग्णाला तक्रार लिहायला मदत करणं माझ्या कामाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे. मी लिहिलं. कागद दाराखालून आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला, त्यावर ‘मोटार तातडीने द्यावी’, खाली सही, आणि हाताच्या सवयीने एक हिरवी खूण. मग दार वीतभर उघडलं आणि बाटली आत गेली. एवढंच. याला कोंडणं म्हणतात का, तूच सांग.

मोटार गुरुवारी आली. ताई, तीन महिन्यांचं काम दोन दिवसांत! नळ सुटला तेव्हा हाज्जाने त्याखाली हात धरले आणि ते धुतलेच नाहीत, नुसते धरून उभी राहिली. परवा समितीचं पाकीटही आलं. केंद्र पास. ‘आरोग्य शिक्षण: अत्युत्कृष्ट.’ आणि त्याच पाकिटात माझ्या नावाचा दुसरा कागद: रुग्णांना आवश्यकतेपेक्षा अधिक माहिती का दिली, याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा कारवाई. मी लिहिलं, ‘आवश्यक किती ते कळवावे, उरलेली परत घेईन.’ डॉक्टरांनी ते फाडलं. स्वतः शेजारी बसून मला नवीन लिहायला लावलं, त्यात हाज्जाच्या अकरा वर्षांच्या गोळ्यांची हकिकत घातली, आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. म्हणाले, कारवाई झाली तर दोघांवर होऊ दे. मला वाटतं, ते आता खरंच डॉक्टर दिसायला लागलेत.

भाऊजींना सांग, खोकल्याला मधाबरोबर डॉक्टरही लागतो. तू आणि तुझं घर सुखात राहो.

तुझी धाकटी,
इन्शिराह

ता. क. माझ्या नवऱ्याला, शाबानला, फोनवर हे सांगू नकोस, पण टाकीत निम्मं पाणी शिल्लक होतं. साहेब आत गेल्यावर गच्चीवरचा कॉक कोणी बंद केला, ते कोणालाच कळलेलं नाही. मी तेव्हा जिन्यात होते, पण मला विचारलं कोणी नाही.

ता. क. दुसरं. पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. यंदा छातीच्या तपासणीला मी गावातल्या त्रेचाळीस बायकांना ओढून नेलं. शेवटी नर्स म्हणाली, आता तुमचा नंबर. मी हसत आत गेले. डाव्या बाजूला काहीतरी आहे म्हणतात. येत्या बुधवारी दहा वाजता तन्ताच्या मोठ्या इस्पितळात पुन्हा बोलावलंय. नर्स म्हणाली, ‘घाबरू नका, बहुतेक वेळा काही नसतं.’ ताई, हेच वाक्य, याच आवाजात, मी किती बायकांना सांगितलंय. पलीकडच्या खुर्चीत ते कसं ऐकू येतं, ते मला माहीत नव्हतं. शाबानला अजून बोलले नाही. तो रडेल, मग मला त्याचीच समजूत काढत बसावं लागेल. तू अलेक्झांड्रियाहून सकाळच्या गाडीने येशील का? गुडघे दुखत असले तरी ये.

ता. क. तिसरं. हाज्जा बहिय्याला माझ्या तोंडावरून कळलंच. तीही येणार म्हणते, पाची हक्क घेऊन. मला सगळ्याची भीती वाटतेय आणि तिला कशाचीच नाही. आमच्या दोघींच्या मध्ये बसायला कोणीतरी हवं.