मेधाच्या हाताला बसेल असं

१८ ऑगस्ट २००१, शनि.
इथल्या कायद्याने दहा दिवस वाट बघायची असते, ती संपली. मेधाचं पिस्तूल आज दुकानातून घरी. पॉइंट टू-टू, स्टीलचं, चांगलंच जड. ग्रीन कार्ड आलं की लोक घर बघायला लागतात, आमच्या बाईसाहेबांनी हे बघितलं. नागपूरला कॉलेजात एन.सी.सी.त रायफल चालवायची, मेडल-बिडल आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ही काय चीज आहे ते आज शूटिंग रेंजवर कळलं. एक हात खिशात, दुसरा सरळ, श्वास अर्ध्यात धरलेला. दहातल्या सात गोळ्या काळ्या वर्तुळात! मी मागे खुर्चीवर, दुर्बीण आणि सँडविचं सांभाळत. दहा वर्षांची रिया कानावरचे मफ काढून ओरडली, "आई, यू आर सो कूल!" मला आजवर कोणी कूल म्हटलेलं नाही.

९ जून २००२
क्लबची मॅच. ३०० पैकी २७६. तिसरी आली. पहिल्या गटात जायचंय तिला, त्याला २८५ लागतात. "एवढं एक झालं ना विनू, की मग आयुष्यभर तुला छळणार नाही." खोटारडी. सनीव्हेलला घर येईपर्यंत गाडीत मोठमोठ्याने गात होती. सूर नाही, ताल नाही. मजेत आहे. मी पण.

२२ मार्च २००३
२६१. गोळ्या खाली, उजवीकडे. सलग तिसरा शनिवार. चाप जड आहे, दुसरं काय. दिवसभर चिप टेस्ट करतो मी, फॉल्ट कुठे शोधायचा ते मला कळतं. पिस्तूल रॉनकडे विकायला ठेवलं. हा दुकानवाला सत्तरीचा, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्याच्याकडचंच एक सेकंडहँड इटालियन घेतलं. चाप लोण्यासारखा. परत दहा दिवस.
बोटांना मुंग्या येतात म्हणते. मूठ जाड असेल.

११ ऑक्टो. २००३
इटालियनवर २५२. विकलं. तिसरं आणलं, लाकडी मुठीचं. तिच्या तळव्याला शाई लावतो, मूठ धरायला सांगतो, जिथे जास्त उमटतं तिथे घासतो. गॅरेजभर भुसा. मेधा म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय आपलं. माझा हातच नीट नाही रे." म्हटलं, अंगणच वाकडं आहे, गप्प धर. हसली. मला वाटलं, चला, पटलं.

खंडेनवमी, २००४
पाटावर यंदा पिस्तूल (क्र. ४), माझा लॅपटॉप, विळी आणि रियाचं व्हायोलिन. रियाचं म्हणणं, व्हायोलिन इज नॉट अ वेपन. शेजाऱ्यांना विचार म्हटलं.
कुंकू नेहमी मेधा लावते. चिमटीत राहीचना. पिस्तुलावर बोट टेकायचं, तर नळीभर फराटा. लॅपटॉपवर तसंच. उरलेलं पाटावर सांडलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थंडी पडलीय." ऑक्टोबरात. कॅलिफोर्नियात. "हो," म्हणाली. रिया म्हणाली, "बाबा, इट्स नॉट कोल्ड."
नंतर आपट्याची पानं नाहीत म्हणून कागदाची कापायला बसलो. कात्री मीच धरली.

१३ फेब्रु. २००५
मेधाच्या शर्टाची बटणं सकाळी रिया लावून देते. आज चुकून दार उघडलं म्हणून दिसलं. कधीपासून, विचारलं. रियाने शेवटचं बटण लावलं.
रॉनला फोन केला, ॲल्युमिनियमचं हलकं काही आलंय का.

७ मे २००५
पाचवं. वजन जेमतेम. मी म्हटलं, आज बघच.
दुसऱ्याच फैरीला तिच्या हातातून पडलं. भरलेलं. सुदैवाने उडालं नाही. सगळी रांग थांबवली. रेंजवरचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला, आजच्यापुरतं पुरे करू या. पुन्हा या, असं नाही म्हणाला. चार वर्षं दर शनिवारी ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच लोक आज आपापल्या बुटांकडे बघत होते.
गाडीत रडली. तोंडावर हात न घेता, सरळ समोर बघत. मी गाडी चालवत राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी?
संध्याकाळी पिस्तूल रॉनकडे नेलं, बदलून हवं म्हणून. त्याने पाहिलंसुद्धा नाही. "नो मोअर गन्स, विनय. टेक हर टू अ डॉक्टर." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

१६ जून २००५
एमआरआय. मानेत मज्जारज्जू दाबला गेलाय. हाताचा दोष हातात नव्हताच. ऑपरेशन केलं तर आणखी वाढणार नाही. गेलंय ते परत येईल असं धरून चालू नका, लवकर आला असतात तर वेगळं होतं. डॉक्टरने विचारलं, त्रास कधीपासून? मेधा म्हणाली, "याच वर्षी." माझ्यासाठी खोटं बोलली.
घरी येऊन ही वही चाळली. २२ मार्च २००३. अक्षर माझंच. बोटांना मुंग्या येतात म्हणते. मूठ जाड असेल.
दोन वर्षं आणि तीन महिने. ती सांगत होती, मी मूठ घासत होतो. गाढवसुद्धा पाय दुखला की थांबतं.

५ नोव्हें. २००६
ऑपरेशनला सव्वा वर्ष. चालते व्यवस्थित. मानेवरचा व्रण केसांखाली जातो. उजवा हात मात्र दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा मांडीवर ठेवते. डावा थोडा बरा, पण तोही मनाचा राजा.
आज धीर करून विचारलं, माझा राग नाही येत?
"येतो की. लई येतो. रात्री तू घोरतोस तेव्हा तर फारच." मग म्हणाली, "पण मलाही नवीन पिस्तूल हवंच असायचं रे. दहा दिवस तरी वाटायचं, आता होईल नीट."
स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो. ऐकू जाऊ नये म्हणून. गेलं असणार.

१४ जून २००८
मला अक्कल येत नाही ती नाहीच. रॉनकडे कोणाच्या तरी संग्रहातलं एक आलं, डाव्या हाताचं, चाप इतका हलका की नुसत्या स्पर्शाने सुटतो. मेधाला न सांगता घेतलं. त्यालाही खोटंच सांगितलं, माझ्यासाठी म्हणून. दहा दिवस मी पुन्हा खूश होतो, हे लिहायला लाज वाटते.
आज तिच्या हातात दिलं. म्हणजे तिची बोटं एकेक करून मी मुठीभोवती बसवली. मी हात काढला तशी बोटं सुटली. खाली माझा तळवा होता म्हणून बरं. "छान आहे," म्हणाली. मन राखायला.
मग म्हणाली, "विनू, पिस्तूल पुरे आता. मला धरता येईल असा चमचा बघ. ऑगस्टमध्ये रिया जाईल कॉलेजला. तू भरवलेलं नाही खायचं मला."

१५ जून २००८
चार दुकानं फिरलो. शेवटी क्युपर्टिनोच्या पुढे, व्हीलचेअर आणि काठ्या विकतात तिथे मिळाले. पाच प्रकारचे घेतले. कोणता बसेल, विचारलं दुकानातल्या बाईला. ती म्हणाली, ते त्यांनाच विचारावं लागेल.
जेवायला वरण-भात. मी समोर बसलो, हात टेबलाखाली. पहिल्या चमच्याने वरण मांडीवर. दुसरा तोंडापर्यंत गेला आणि तिथून सांडला. रियाने पुसायला नॅपकिन उचलला, मेधाने नुसती मान हलवली, तशी तिने तो खाली ठेवला. मी तिसरा पुढे केला.
"थांब जरा," म्हणाली. "दम घेऊ दे."
भात गार होतोय. बसलोय.