म्हशीच्या वरच्या अंगाला

आई, तू जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. भांडण आपल्या ओढ्यातल्या पाण्याच्या मोहरीवरून आहे. पोकळ देठाची, बारीक पांढऱ्या फुलांची ती भाजी, कच्ची चावली की नाकात झणका जायचा. झऱ्याचं पाणी बारा महिने वाहायचं, म्हणून तीही बारा महिने असायची. मूळ ठेवून तोडलं की पुन्हा फुटायची. मी नऊ वर्षांची असताना एकदा हौसेनं ओटीभर तोडून आणली, आणि तू ती सगळीच्या सगळी उकिरड्यावर भिरकावलीस. "म्हस बसत्या त्येच्या खालची तोडत्यात व्हय गं? वरच्या अंगाला जायाचं. पोटात किडं झालं तर कोन निस्तरनार?" मी रडून घर डोक्यावर घेतलं. मग तू मला घेऊन पुन्हा ओढ्यावर गेलीस. संध्याकाळी तू चुलीपुढं बसली आहेस, लसूण तडतडतो आहे आणि भाजीचा पहिला घास माझ्या ताटात पडतो आहे. राग तुझा असा तासाभराचाच असायचा.

तुझी नात आता बेळगावात बँकेत आहे. तिला पाचवा महिना लागला आहे. सुरुवातीपासून पोटात काही ठरत नव्हतं, वजन उतरत चाललं होतं. एके दिवशी म्हणाली, "आई, आजीची ती वढ्यातली भाजी कर की गं. तेवढीच खावीशी वाटत्या." लेकीनं डोहाळा सांगितल्यावर आई बसून राहील का? दुसऱ्याच दिवशी एसटी धरून गावी गेले. ओढ्यात म्हशी बसल्या होत्या. तुझी आठवण काढून हसले आणि वर चढत गेले, पार झऱ्यापर्यंत. तिथं ती अशी हिरवीगार माजली होती की पिशवी भरायला दहा मिनिटं लागली नाहीत. बेळगावला नेऊन करून घातली, पोरीनं तीन दिवस पोटभर खाल्ली. उलटी एकदाही झाली नाही. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

परवा बाजारात गावाकडची भावजय भेटली. मी कौतुकानं भाजीचं सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. "अगं, त्या वढ्याच्या पान्यात म्हशी बसत्यात, पन पीत न्हाईत आता. झऱ्याच्या वर कसली तरी शेड झालीया न्हवं, तिचं पाइप हिकडं सोडल्यात." तशीच गावी गेले. पाइपाचं तोंड भाजीच्या आत दडलेलं होतं. मी तोडलेले देठ त्याच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांना नवी पालवी आली होती.

तेव्हापासून फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. काल ती म्हणाली, बाळ हललं गं आई. मी "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवून देवापुढं बसले, पण हात जोडायचं धैर्य होईना. त्या पाण्यात काय असतं, ते बाळापर्यंत जातं का, मला काहीच कळत नाही. सोमवारी तिची तपासणी आहे. डॉक्टरांना सांगायला पाहिजे, म्हणजे आधी तिला सांगायला पाहिजे. चार वेळा फोन हातात घेतला, चार वेळा "जेवलीस का" विचारून ठेवला.

तुझंच ऐकलं ना मी? वर जा म्हणालीस, वर गेले. वर काय आहे ते बघ, असं कुठं म्हणालीस? दोन दिवस मनात हेच घोकत होते. पण आई, तू तोडण्याआधी झऱ्याशी वाकून ओंजळभर पाणी प्यायचीस. मला वाटायचं, चढून तहान लागली असेल.

पोरीला सगळं सांगेन. एक गोष्ट तेवढी तिला सांगवणार नाही, म्हणून तुला सांगते. त्या दिवशी मीही वाकले होते. ओंजळ तोंडाशी नेली आणि रॉकेलसारखा वास आला. पाणी सोडून दिलं, हात पदराला पुसले आणि भाजी तोडायला लागले.