तुमचं ऐकून घेतलं ती सभा

आबा, आधी एक दुरुस्ती. गावात आता सांगतात की तुम्ही गावकीच्या मंडळाशी भांडलात म्हणून तुम्हाला काढलं. तुम्ही भांडला नव्हतात. शेजारच्या काकांनी बांधाच्या वादात गावकीचा निवाडा न मानता महाडच्या कोर्टात दावा लावला, म्हणून त्यांचं सभासदत्व रद्द करायचं चाललं होतं. शिमग्याला मुंबईकर आलेले, देवळात सभा. तुम्ही बसल्या जागेवरून एवढंच म्हणालात, "त्याला बोलवा तरी. त्याचं म्हणणं काय हाय ते ऐका, मग काढा." अध्यक्षांच्या पट्ट्याला पेजर. ते हसत म्हणाले, "काय रे म्हाताऱ्या, तू गावाचा हायस का त्याचा?" सगळे हसले, आणि त्याच बैठकीत काकांच्या पाठोपाठ तुमचंही नाव गेलं.

नाव जाणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? आपल्या वाडीत माणूस गेलं की मंडळातल्या प्रत्येक घरातून एक लाकूड आणि एक माणूस येतो. नाव नसलेल्या घराला दोन्ही नाही. ती लाकडं गोळा करत घरोघर फिरायचं काम वर्षानुवर्षं तुमचंच. कुणी ओलं लाकूड पुढे केलं की तुम्ही ते तिथंच टाकायचात, "स्वतःच्या बापाला हेच लावशील काय रे?"

मी सातवी पास, एसटी डेपोत टायर बदलणारा. मंडळाची घटना मिळवली, कायद्याचं पुस्तक आणलं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. वकील केला नाही. अर्ज माझ्या अक्षरात आणि अलिबागच्या धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बोललो तोही मीच. निकाल आपल्या बाजूनं लागला: नोटीस न देता, म्हणणं न ऐकता सभासदाला काढता येत नाही. मी चुलीजवळ उभा राहून तो वाचतोय, आईचा हात भाकरीवर थांबलाय. तुम्ही पूर्ण ऐकून विचारता, "मग आता लाकूड देतील?" मी म्हणतो, "द्यावंच लागेल. कायदा आहे."

त्यांनी पुन्हा सभा लावली. या वेळी नोटीस पोस्टानं आली, मुदतीत आली, विषय स्पष्ट लिहिलेला. तुम्हाला उभं केलं आणि तुम्ही बोलत असताना कुणी मधे तोंड घातलं नाही. "ज्याच्या मयताला मी गेलो नाय असं एक घर दाखवा," तुम्ही म्हणालात. मग अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "देवापुढं नारळ ठेव, चुकलो म्हण, विषय संपला." तुम्ही म्हणालात, "चुकलोच नाय, तर काय म्हणू?" हात वर झाले. ज्यांच्या बापांसाठी तुम्ही पावसात सुकी लाकडं शोधली होतीत, त्यांचेही. मी एकेक बाब तपासली. नोटीस बरोबर, गणसंख्या बरोबर, ठरावाचे शब्द बरोबर. एकही चूक सापडली नाही, कारण त्यांच्या आधीच्या सगळ्या चुका मीच त्यांना लेखी दाखवून दिल्या होत्या. देवळाच्या उतरणीवर तुम्ही म्हणालात, "आता कसं, नीट काढलं." आवाजात राग नव्हता.

तुम्ही गेलात तेव्हा लाकूड महाडच्या वखारीतून आणलं. टेंपोवाला माझ्या डेपोच्या ओळखीचा, मुसलमान मोहल्ल्यातला. लाकडं उतरवून तो निघाला नाही. "एक बाजू मी धरतो. कुणी इचारला तर माझा नाव सांग," म्हणाला. मामा, शेजारचे काका, तो आणि मी, चौघांनी खांदा दिला. वाटेतल्या घरांतून टीव्हीचे आवाज येत होते. आम्ही जवळ आलो की आवाज बारीक व्हायचा आणि पुढे गेलो की पुन्हा वाढायचा. दार एकही उघडलं नाही.

आता इतर मंडळांचे लोक माझ्याकडे नियम लिहून घ्यायला येतात. मी छाती पुढे काढून सांगतो, माझा बाप वाकला नाही. ते खरं आहे. पण हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दुसऱ्या सभेला येताना मी बाजारातून एक नारळ घेतला होता. कागदांच्या पिशवीत, तळाशी. तुम्ही माफीला हो म्हणालात तर धावपळ नको म्हणून. तुम्ही बोलत होतात आणि मी बाहेरून पिशवी चाचपत होतो. घरी येऊन तो आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिनं तो आमटीला वाटला. तुम्ही दोनदा वाढून घेतलीत.